ह्यांनी बांधलेला गार कॉम्प्युटर

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन: "दार लावा!" म्हणणारे अर्थात आमचे हे. पाहुणा अजून चपला काढतोय, दार लावा. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उंबऱ्यात उभी, दार लावा. फ्रिज उघडून मी जरा विचार करत उभी राहिले की मागून गर्जना, "विचार दार लावून कर!"

ह्यांची अख्खी नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. बटाट्यांची पोती, सफरचंदांच्या पेट्या, लोण्याचे खोके, हे सगळं गार ठेवणाऱ्या मशीनवर हे असायचे. दार उघडं राहिलं की थंडी बाहेर, गरमी आत, आणि माल गेला. एवढं एकच तत्त्वज्ञान, पण त्यावर माणसाने जन्म काढला. आणि त्या कॉम्प्रेसरच्या खोलीत असा काही गडगडाट चालायचा की दोघांना बोलायचं तर एकमेकांच्या कानात तोंड घालून ओरडावं लागे. निवृत्त होऊन घरी आले ते दाराचं वेड आणि गेलेले कान घेऊन. दाराचं वेड अभिमानाने सांगतात. कानांचं नाव काढायचं नाही. "मला सगळं ऐकू येतं, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात," हे ह्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी कानाचं मशीन सुचवलं, तर त्यांनाच म्हणाले, "मशीन मी दुरुस्त करतो, घालत नाही."

आता माझं ऐका. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आवाज हीच माझी कमाई. ओळख ना पाळख, लोक माझं एक वाक्य ऐकून गप्प बसायचे. आणि घरी? घरी मी जीव तोडून एखादी गोष्ट सांगावी, हातवारे करावेत, शेवटाला येऊन हसावं, आणि ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून प्रेमाने विचारावं, "काही म्हणालीस का?" सांगते ना, भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान प्रश्न विचारत नाही.

म्हणून जेव्हा कळलं की अंध वाचकांसाठी एक ग्रंथालय आहे आणि तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करणारी माणसं हवी आहेत, तेव्हा मी धावतच गेले. तिथल्या ताई माझं एक पान ऐकून म्हणाल्या, "तुम्हाला थांबायचं कुठे ते कळतं." मला एवढा आनंद झाला की परत येताना मी जिना चढतेय की उतरतेय याचं भान नव्हतं. त्यांनी एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवली. घरी बसून वाचायची, रेकॉर्ड करायची, पाठवायची.

पण आमचा जुना कॉम्प्युटर! चालू केला की आतल्या पंख्याची घरघर, घरघर. पहिलं प्रकरण परत आलं. मी खिडकी लावून पुन्हा वाचलं, तेही परत आलं. ताई बिचाऱ्या गोड बोलल्या, पण बोलल्या ते स्पष्टच. "आमच्या वाचकांना कानांशिवाय दुसरं काही नसतं हो. तुमच्यामागे गिरणी चालल्यासारखी वाटते. दोन आठवड्यांत अजून एकदा नमुना पाठवा. नाही जमलं तर कादंबरी दुसऱ्या बाईंकडे द्यावी लागेल."

दुसऱ्या बाई! मला रात्रीचं जेवण गेलं नाही. मला ती कादंबरी हवी होती. कुणीतरी, कुठेतरी, कान देऊन माझं बोलणं ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती आणि ती एका पंख्यापायी जाणार होती.

"नवा कॉम्प्युटर घेऊ या," मी ओरडून सांगितलं. ओरडूनच सांगावं लागतं.

"विकतचा?" ह्यांनी छाती फुगवली. "मी अख्खं गोदाम गार ठेवलंय. एक डबा गार ठेवायला मला दुकानदार लागतो? सुटे भाग आण, मी बांधतो. आवाज पंख्याचा असतो. डबा गार राहिला की पंखा कशाला फिरेल?"

बोलणं पटण्यासारखं होतं. तिथेच मी फसले.

सुटे भाग विकणारा दुकानदार चांगला माणूस होता. त्याने विचारलं, "काका, करायचंय काय यावर?" मी म्हटलं, वाचन रेकॉर्ड करायचंय. हे म्हणाले, "सगळ्यात दणकट प्रोसेसर दे." दुकानदार माझ्याकडे बघू लागला. "काका, हा लढाईचे खेळ खेळणारी पोरं घेतात. तापतो फार." तर हे म्हणतात, "तापू दे की. गार करायला मी आहे." प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि मेंदू तापट असला तर काय होतं ते मला घरबसल्या ठाऊक होतं. पण माझं ऐकतंय कोण!

बैठकीतलं टेबल ह्यांनी ताब्यात घेतलं. चादर अंथरली, स्क्रू वाट्यांत ठेवले. माझ्या चांगल्या वाट्यांत. एकेक भाग हातात घेऊन असं काही निरखायचे की बघणाऱ्याला वाटावं, हिरेच पारखताहेत. दोन दिवस मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं, "ये, बघ!"

मी बघितलं आणि डोक्याला हात लावला. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला जिथे जिथे जाळी होती, भोक होतं, फट होती, तिथे तिथे फ्रिजच्या दाराचं जाड रबर चिकटवलेलं. आतून फोमचं अस्तर. एकच तोंड उघडं ठेवलेलं, आणि त्या तोंडातून दोन पंखे आत हवा फेकत होते.

"आणि हवा बाहेर कुठून जायची?" मी विचारलं.

"बाहेर?" हे असे दचकले की जणू मी घरातलं सामान रस्त्यावर टाकायला सांगितलं. "गार हवा आत घेतली, ती बाहेर कशाला सोडायची? थंडी कोंडायची असते, अगं. एवढी वर्षं काय केलं मी?"

चालू केला. खरोखर आवाज कमी होता, फोममुळे. माझा जीव भांड्यात पडला. मी माईक ओढला, कादंबरी उघडली आणि वाचायला लागले. नायिका दार ठोठावते, आतून पावलं वाजतात, कडी सरकते आणि फट्! पडदा काळा. कॉम्प्युटर बंद. पुन्हा चालू केला. नायिकेने पुन्हा दार ठोठावलं, पुन्हा फट्. दिवसभरात त्या बाईने किती वेळा दार ठोठावलं असेल! तिला काही कुणी आत घेतलं नाही. ह्यांनी डब्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. इस्त्रीला चुकून हात लागल्यावर काढतात तसा.

"जास्त तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो," दुकानदाराने फोनवर सांगितलं. "काका, काहीतरी हवा जायला जागा..."

"कुठेतरी फट राहिली असणार," हे म्हणाले आणि रबराचा आणखी एक थर चढवला.

असं चार दिवस चाललं. रबर वाढत गेलं, गरमी वाढत गेली आणि माझा पारा तर विचारूच नका. शेवटी वरच्या मजल्यावरचे घड्याळजी खाली आले. ते घड्याळं दुरुस्त करतात म्हणून आम्ही सगळे त्यांना घड्याळजी म्हणतो. मनाने सरळ, बोलायला हळू, आणि सल्ला द्यायला सदैव तयार. डब्याभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "एवढी खटपट कशाला? उचला आणि फ्रिजमध्ये ठेवा. वायरी दारातून बाहेर काढा."

ते म्हणाले एकदा, मी ह्यांच्या कानात ओरडून सांगितलं एकदा, आणि ह्यांचा संताप झाला. "घड्याळजी! तुम्ही शहाणे आहात की वेडे? फ्रिजमध्ये गरम वस्तू ठेवत नाहीत! फ्रिज गार वस्तू गार ठेवायला असतो. आतच शेगडी पेटवली तर दार लावून काय उपयोग? कोंडलेली गरमी जाणार कुठे? माझ्या गोदामात कुणी असं..."

आणि हे थांबले. तोंड उघडंच. आपलंच बोलणं आपल्याच अंगावर आलं होतं. बटाटे तापत नाहीत, सफरचंदं तापत नाहीत. त्यांचा शत्रू दाराबाहेर असतो. ह्या डब्याचा शत्रू डब्याच्या आत बसलेला होता आणि आमच्या ह्यांनी त्यालाच रबर लावून कोंडून ठेवला होता.

"घड्याळजी," हे हळूच म्हणाले, म्हणजे ह्यांच्या मानाने हळूच, "चहा घेणार का?"

रबर सोलताना मी मुद्दाम समोर खुर्ची टाकून बसले. म्हटलं, हा सोहळा चुकवायचा नाही. सगळं उघडल्यावर आणखी एक गंमत बाहेर आली. प्रोसेसरच्या डोक्यावर गरमी ओढून घेणारा एक धातूचा ठोकळा बसवतात, त्याच्या तळाला पातळ प्लास्टिक तसंच होतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, बसवण्याआधी काढा. पण नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं ह्यांच्या रक्तात नाही. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. गाडीच्या सीटवर प्लास्टिक, आम्ही घामाने चिकटून बसतो. आणि मध्ये लावायची ती राखाडी पेस्ट ह्यांनी इतक्या सढळ हाताने थापली होती की ती चारी बाजूंनी ओघळून बाहेर आली होती.

आता माणसाने एक टोक सोडलं की आमच्याकडे मधे थांबायची पद्धत नाही. सगळं कोंडणारे हे आता सगळं उघडायला लागले. डब्याचं एक झाकणच काढून टाकलं. दुकानातून आणखी पंखे आणले, छोटे, जोरात फिरणारे, आणि मिळेल त्या भोकाला लावले. गरमी उतरली, खोटं कशाला बोलू. पडद्यावर तापमानाचा आकडा असा खाली आला की ह्यांनी टाळी वाजवली.

पण आवाज! देवा रे! माळ्यावर पाण्याचा पंप बसवल्यासारखा. आणि हे त्या पंपाशेजारी उभे राहून, चेहऱ्यावर अपार समाधान, मला म्हणतात, "बघ. एकदम शांत."

मला वाटलं चेष्टा करताहेत. "अहो, केवढा आवाज आहे!"

"कुठे आहे? मी इथेच उभा आहे ना? तुला उगाच भास होतात. चल, वाच."

ताईंनी दिलेली मुदत संपत आली होती. त्या दुसऱ्या बाई मला डोळ्यांपुढे दिसत होत्या, हातात माझी कादंबरी घेऊन. आणि माझ्या तोंडून ते गेलं, जे इतकी वर्षं मी जिभेवर आलं तरी गिळत होते.

"तुम्हाला ऐकू येत नाही! कॉम्प्युटरही नाही आणि मीही नाही!"

एवढं नेमकं त्यांना ऐकू आलं. स्क्रूड्रायव्हर वाटीत ठेवला, शर्ट चढवला आणि बाहेर पडले. दार सताड उघडं टाकून गेले. मी त्या उघड्या दाराकडे बघत बसले आणि मला रडू आलं. मला त्यांची दया आली, माझाही राग आला, आणि कादंबरी गेली असंही वाटलं.

दोन तासांनी परतले ते हातात एक मोठं खोकं घेऊन. दुकानदाराशी बसून आले होते. "लहान पंखा जोरात फिरतो, ओरडतो," माझ्याकडे न बघता म्हणाले. "मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढीच हवा ढकलतो. पुढून आत, मागून बाहेर. बस्स." मग जरा थांबून, "आवाजाचं मात्र तू सांग. मी विचारीन तेव्हा."

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून तो कॉम्प्युटर बांधला. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी. प्लास्टिक काढलं, आणि काढताना ह्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं. पंख्यांच्या स्क्रूंखाली रबराच्या चकत्या, म्हणजे थरथर डब्याला लागू नये. झाकण परत बसवलं. मग मी डोळे मिटून माईकसमोर बसले आणि हे पंख्यांचा वेग एकेक पायरी खाली आणू लागले. आवाज ऐकू येत असेल तर मी हात वर ठेवायचा.

"आता?"

हात वर.

"आता?"

हात वर. त्यांचा एक तळवा डब्यावर होता, दुसरा मागच्या पंख्यासमोर, हवा येतेय की नाही ते बघायला. एकदाही म्हणाले नाहीत की तुला भास होतात. आणि एका पायरीला आवाज गेला. मला मोरीतला नळ थेंब थेंब गळताना ऐकू आला. वर घड्याळजींनी खुर्ची सरकवलेली ऐकू आली. मी हात खाली घेतला.

"गार आहे," हे म्हणाले. "अगदी गार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार लावलं, त्यावर आतून गोधडी टांगली, कानाला हेडफोन चढवले आणि वाचायला बसले. हे बाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला. त्या नायिकेला एकदाचं आत घेतलं. मी वाचत गेले आणि जग विसरले. एक्स्चेंजमध्ये आम्ही रांगेने बसायचो, डावीउजवीकडे सगळ्या एकाच वेळी बोलत असायच्या. आपली लाइन सोडून दुसरं काही कानात घ्यायचं नाही, ही माझी सवय हाडात मुरलेली. वाचून झाल्यावर सुरुवातीचा तुकडा ऐकून बघितला, पंख्याचा मागमूस नव्हता. पाठवून दिलं.

संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"फार सुरेख. पंखा अजिबात नाही. कादंबरी तुमचीच," त्या म्हणाल्या. मी खुर्चीतून उठलेच. "फक्त मधलं एक पान पुन्हा वाचाल का? मागे एक गृहस्थ बोलताहेत. बरंच बोलताहेत. तो तुकडा मी कापून पाठवलाय. तुम्ही ऐका." आणि त्या हसल्या का, की घसा साफ केला, मला कळलं नाही.

मी हेडफोन लावले. माझ्या आवाजामागे, गोधडीपलीकडून, ह्यांचा आवाज. ह्यांच्या मते कुजबुज.

"घड्याळजी, हळू! ती वाचतेय! बसा. टेलिफोनवर होती ती, माहिताय ना? तेव्हा आमच्या कोल्ड स्टोरेजमधून बाहेर फोन लावायचा तर एक्स्चेंजमधून लागायचा. तिकडून ही म्हणायची, थोडं थांबा. काय आवाज होता! मी रोज लावायचो. कुणाला म्हणजे? आमच्याच बंद पडलेल्या गोदामाला. तिथे उचलायला कुणी नव्हतं, म्हणून तर लावायचो! ती परत परत येऊन सांगायची, कुणी उचलत नाही, अजून थांबता का? मी म्हणायचो, थांबतो. मग चौकशी करून तिच्या मामांना गाठलं. तिला अजून वाटतं, स्थळ मामांनी शोधलं."

घड्याळजी काहीतरी पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं ह्यांना कसं कळलं देव जाणे, बहुधा ओठ बघून.

"नाही हो, तिला नाही सांगितलं. आधी लाज वाटायची. आणि आता सांगायला गेलो, तर ती काय उत्तर देईल ते मला ऐकूच येणार नाही."

मी हेडफोन काढले. मग ह्यांना आत बोलावलं, खुर्चीत बसवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले, आवाज पूर्ण वाढवला आणि तो तुकडा लावला.

"हा कोण बोंबलतोय?" हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. ऐकता ऐकता ह्यांचे कान लाल झाले, मग मानही. "मी तर कुजबुजत होतो," एवढंच म्हणाले आणि हेडफोन काढायला लागले. मी हात धरला. माईक पुढे ओढला, माझा आवाज थेट त्यांच्या कानांत जाईल असा जोडला, आणि अगदी साध्या, घरातल्या आवाजात बोलले.

"तो वेडा माणूस तुम्ही होतात हे मला आज कळलं. पण एक सांगते. ते गोदाम बंद आहे हे मला दोनच दिवसांत समजलं होतं. त्यानंतर मी तो नंबर कधी लावलाच नाही. नुसतं थांबा म्हणायचे आणि लाइनवर बसून राहायचे."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले.

"परत सांग," म्हणाले.

मी परत सांगितलं.